लाल घ्यावी की पिवळी : सूर्यप्रकाशावर पाण्याचं विघटन करणाऱ्या दोन फिल्म्स

पीएच.डी.ला नुकती नोंदणी झालेली मुलं दरवर्षी एकच प्रश्न घेऊन येतात. सरांनी विषय दिलेला असतो: सूर्यप्रकाशावर पाण्याचं विघटन, थरांचा नॅनोरचनेचा इलेक्ट्रोड. पण मूळ पदार्थ कोणता घ्यायचा ते "तूच वाच आणि ठरव" म्हणून सर मोकळे झालेले असतात. मग महिनाभर वाचन चालतं, दोनशे पेपर उतरवून घेतले जातात, त्यातले वीस उघडले जातात, आणि शेवटी यादीत दोनच नावं उरतात: हेमेटाइट (लोहाचं ऑक्साइड) आणि बिस्मथ व्हॅनडेट. आमच्या प्रयोगशाळेत ही नावं कोणी पूर्ण घेत नसे. एक लाल, दुसरी पिवळी. "दादा, लाल घेऊ की पिवळी?"

मी दोन्ही केल्या आहेत. पहिली अडीच वर्षं लाल आणि नंतर प्रबंध सादर होईपर्यंत पिवळी. म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला आत्ताच कळलं असेल. तरी सांगून ठेवतो, माझी लाल सोडण्याची कारणं तुमच्या प्रयोगशाळेत लागू पडतीलच असं नाही. फर्नेस वेगळी, सेल वेगळा, हात वेगळे. पाणी फोडायला लागणारे १.२३ व्होल्ट कुठून आले, उजेडावर पाणी फोडणाऱ्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली काय केलं, हे तुमच्या प्रस्तावनेत आधीच टंकून झालं असणार, त्यामुळे ते सोडून देतो.

कागदावर लालचं पारडं जड आहे. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला उजेडाच्या कणाकडून (फोटॉनकडून) लागणारी किमान ऊर्जा, २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, त्यामुळे ५९० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड ती घेते. प्रत्येक फोटॉन कामी आला असं धरलं तर पूर्ण उन्हात चौरस सेंटिमीटरला १२.६ मिलिअ‍ॅम्पिअर. पिवळीचा बँडगॅप २.४, ती ५२० च्या पलीकडचा उजेड तसाच जाऊ देते, आणि तिची कमाल मर्यादा साडेसात. शिवाय लाल म्हणजे शेवटी लोखंडाचा गंज. लोखंड कुठेही मिळतं, विषारी नाही, सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दिवसचे दिवस बसून राहते. बिस्मथ आणि व्हॅनेडियमची बिलं मंजूर करून घ्यायला कार्यालयात दोनदा जावं लागतं. मीही हीच बेरीज-वजाबाकी करून लाल घेतली होती, आणि आजही कोणी ती केली तर मला चूक वाटणार नाही.

पण कमाल मर्यादा हे बाजारातल्या पाटीवरचं वजन झालं, पिशवीत काय पडतं ते वेगळं. उजेड पडल्यावर तयार झालेल्या होलला, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून गेल्यावर उरलेल्या धन जागेला, पृष्ठभागापर्यंत चालत जाऊन पाण्याला गाठायचं असतं. लालमध्ये तो २ ते ४ नॅनोमीटर चालतो आणि वाटेतच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून संपतो. उजेड मात्र, ५५० नॅनोमीटरचा धरला तर, शंभरेक नॅनोमीटर आत शिरतो. म्हणजे माल गोदामाच्या पार आत उतरवायचा आणि हमालाला दारापाशी दोनच पावलं चालता येतात, अशी गत. म्हणून लालच्या संशोधनाचा निम्मा इतिहास हा फिल्मला काड्या, फांद्या, अळ्या असे आकार देण्याचा इतिहास आहे. लोझानच्या ग्रेट्झेल गटाने २००६ मध्ये सिलिकॉन मिसळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फिल्म वाढवली आणि २.२ मिलिअ‍ॅम्पिअर मिळवले. २०१३ साली दक्षिण कोरियातल्या गटाने प्लॅटिनम मिसळलेल्या, अळीसारख्या दिसणाऱ्या लालवर कोबाल्ट फॉस्फेट हा उत्प्रेरक चढवून ४.३२ गाठले. साडेबाराच्या हिशोबात सव्वाचार.

पिवळीचं दुखणं उलटं. तिच्यात होल ७० ते १०० नॅनोमीटर सहज जातो, रेंगाळतो तो इलेक्ट्रॉन. आणि इलेक्ट्रॉनला मागच्या बाजूने वाट काढून देणं तुलनेने सोपं आहे: खाली टंगस्टन ऑक्साइडच्या काड्या उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर पिवळीची पातळ साल चढवायची. उजेड साल घेते, इलेक्ट्रॉन काडीत उतरून एफटीओपर्यंत (काचेवरच्या पारदर्शक, वीजवाहक थरापर्यंत) धावतो, होल बाहेरच्या बाजूला राहतो. २०१५ मध्ये जपानी गटाने अशाच काडी-आणि-साल रचनेतून १.२३ व्होल्टला ६.७२ मिलिअ‍ॅम्पिअर काढून दाखवले. साडेसातच्या हिशोबात पावणेसात! दोन्हींच्या दाव्यांची तुलना करताना मी मुलांना एवढंच सांगतो, कमाल मर्यादेशी भागाकार करा आणि मग बघा.

आता करण्याची बाजू. लालची कृती सोपी आहे, आणि तिच्या प्रेमात पडायला एवढं पुरेसं होतं. फेरिक क्लोराइड ०.१५ मोलर, सोडियम नायट्रेट १ मोलर, बाटलीत एफटीओची पट्टी तिरकी उभी करायची, ९५-१०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास. बाहेर काढली की पट्टीवर हळदीच्या रंगाची फिल्म, ती भाजली की लाल. पिवळीची गंमत अशी की विस्कॉन्सिनच्या किम आणि चोई यांच्या २०१४ च्या कृतीने गेलात तर ती आधी विटकरी लाल असते. बिस्मथ ऑक्सिआयोडाइडच्या पापुद्र्यांची फिल्म विद्युत-निक्षेपणाने बसवायची, वर व्हॅनेडियमच्या संयुगाचं डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, ४५० अंशांना दोन तास. मग ती पिवळी होते आणि वर व्हॅनेडियम ऑक्साइडचा जादा थर उरतो, तो १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास बुडवून काढून टाकायचा. लाल आधी पिवळी, पिवळी आधी लाल. पहिल्या महिन्यात माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांनी बराच गोंधळ घातला होता.

बिस्मथ नायट्रेट साध्या पाण्यात टाकलं की ताकासारखं पांढरं होतं, त्याला आम्ल लागतं. त्याच निक्षेपणात लागणाऱ्या बेंझोक्विनोनच्या वासाने डोळे चुरचुरतात, वाफा ओढून घेणाऱ्या हुडशिवाय बाटली उघडू नका. दुसरीकडे, फेरिक क्लोराइडची बाटली जुलैमध्ये एकदा नीट बंद करायची राहिली की ऑगस्टमध्ये तिच्यात गुळाच्या काकवीसारखं काहीतरी असतं, आणि त्यातून ०.१५ मोलर कसं वजन करणार? इथे दोघी सारख्याच.

मग मला लाल सोडायला लावलं कोणी? काचेने.

लालच्या कृतीत एक ओळ असते, वाचताना डोळ्यांवरून सहज निघून जाते: "नंतर ८०० अंशांवर १० ते २० मिनिटं." ५५० ला भाजलेली लाल दिसायला लालच असते, पण करंट जवळजवळ देत नाही. ८०० ला नेली की एकदम जागी होते. आणि एफटीओखालची साधी सोडा-लाइम काच ७२०-७३० अंशांच्या आसपास मऊ पडते. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण दहा मिनिटांत काय होणार, असं वाटलं होतं.

दहा मिनिटांत असं होतं की पट्टी ज्या बोटीत (फर्नेसमध्ये सरकवायच्या लहान भांड्यात) ठेवली असेल त्या बोटीचा आकार घेते. मधे किंचित बसते, कोपरे किंचित उचलतात. भाजायला टाकलेल्या पापडाचे कोपरे वर येतात तसे. तितके नाही, पण जात तीच. डोळ्याला दिसतही नाही. टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबलं की पट्टी डुलते, तेव्हा समजतं.

आमचा सेल टेफ्लॉनचा होता. एका बाजूला गोल भोक, भोकाभोवती ओ-रिंग, तिच्यावर पट्टी दाबून चार स्क्रूंनी आवळायची. सपाट पट्टीला उत्तम. डुलणाऱ्या पट्टीला स्क्रू आवळले की 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि चार दिवसांची मेहनत दोन तुकड्यांत हातात. थोडे सैल ठेवले की पाझर. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड हा मोठा चिकाटीचा द्रव आहे. थेंब पडत नाही, नुसता ओलावा काचेवरून सरकत सरकत वर जातो, आणि वर तांब्याची पट्टी चिकटवून क्लिप लावलेली असते.

त्या सुमाराला मी लालच्या खाली टायटेनियम डायऑक्साइडचं पातळ अस्तर घालून बघत होतो. अस्तर असलेल्या पट्टीचा स्कॅन, म्हणजे व्होल्टेज वाढवत नेऊन काढलेला करंटचा आलेख, बिनअस्तराच्या पट्टीपेक्षा सुंदर डावीकडे सरकलेला आला. म्हणजे कमी व्होल्टेजला करंट सुरू. लालची सगळ्यात जुनी तक्रार हीच की ती १ व्होल्टच्या अलीकडे फारसं काही देत नाही, त्यामुळे मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. तीन पट्ट्या केल्या, तिन्हींना कमी-अधिक तेच. आकृत्या तयार झाल्या, मसुदा तयार झाला, सरांनी शीर्षकसुद्धा सुचवलं. मग एका संध्याकाळी सेल उघडताना तांब्याच्या पट्टीच्या कडेला निळसर हिरवा डाग दिसला. देवघरातल्या न घासलेल्या पंचपात्राला येतो तसा. दिवा बंद करून पुन्हा तोच स्कॅन घेतला. अंधारातही तोच 'सुंदर' करंट. तांबं झिजत होतं आणि मी त्याला ऑक्सिजन समजत होतो. अंधारातला आलेख मी आधी घेतलेला होता, पट्टी नवी बसवलेली असताना, पाझर सुरू होण्याच्या आधी. त्यामुळे तो अगदी स्वच्छ.

कोणी म्हणेल, ही तुझ्या मोजण्यातली चूक, लालचा काय दोष? खरं आहे. दिवा सेकंदासेकंदाने उघड-बंद करत स्कॅन घेतला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि तेव्हापासून मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने स्कॅन घेत नाही. पण चूक करायला जागा करून दिली ती वाकलेल्या काचेने. मी बाकीचे उपायही करून पाहिले. सेलऐवजी पट्टीच्या कडा इपॉक्सीने बंद केल्या. पाझर थांबला, पण प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ वेगळं आणि ओबडधोबड, आणि एकदा इपॉक्सी लावली की ती पट्टी पुन्हा भाजता येत नाही. उष्णता सोसणाऱ्या काचेवरचा एफटीओ मिळतो, त्याची किंमत ऐकून सर हसले. टायटेनियमचा पत्रा घेतला तर वाकत नाही, पण मागून उजेड टाकता येत नाही, आणि थरांच्या अभ्यासात पुढून-मागून उजेड टाकून पाहणं हे अर्धं हत्यार आहे. ज्वालेवर काही सेकंदांत भाजण्याची किंवा मायक्रोवेव्हची पद्धतही साहित्यात आहे. ज्यांच्याकडे ती सोय आहे त्यांनी हा सगळा परिच्छेद विसरून जावा.

तांब्याच्या डागाने मसुदा गेला, पण त्याहून मोठी गोष्ट पुढे लक्षात आली. डाग नसलेल्या, नीट बसलेल्या पट्ट्या पुन्हा मोजल्या तर अस्तराचा थोडा फायदा खरोखरच दिसत होता. आनंद झाला. मग बिनअस्तराची पट्टी ८०० ला दहाऐवजी वीस मिनिटं ठेवली, तर तिलाही तेवढाच फायदा! कारण त्या तापमानाला एफटीओतलं टिन वर सरकून लालमध्ये शिरतं आणि डोपंटचं (किंचित मिसळून वीजवहन सुधारणाऱ्या पदार्थाचं) काम करतं. ही चांगली माहीत असलेली गोष्ट आहे, कित्येक लोक मुद्दाम तिचाच उपयोग करतात. पण माझा प्रश्न असा होता की अस्तराने काय केलं. आणि अस्तराने टिनला अडवलं, की अस्तरातलं टायटेनियम स्वतःच वर गेलं, की अस्तराने खरोखर इलेक्ट्रॉनची परतवाट बंद केली, हे मला शेवटपर्यंत वेगळं काढता आलं नाही. वर एफटीओचा रोध मल्टिमीटरवर वाढलेला दिसायचा, म्हणजे खालची जमीनही बदललेली. थर म्हणून घातलेली वस्तू भाजल्यावर थर राहतच नव्हती. बिर्याणीचे थर लावावेत आणि वाढताना खिचडी निघावी.

तुमचा विषय "थरांचा इलेक्ट्रोड" असेल तर माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं तपशील.

पिवळी ४५० ला तयार होते. काच सपाट राहते. ओ-रिंग बसते. एफटीओचा रोध सकाळी होता तोच संध्याकाळी. टंगस्टन ऑक्साइडच्या काड्या ४५० ला अजिबात हलत नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. थोडा टंगस्टन सालीत जातोच, आणि त्याने नुकसान होण्याऐवजी बहुधा भलंच होतं. पण छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की काडी काडीच्या जागी आणि साल सालीच्या जागी दिसते. एक थर काढून पाहता येतो, एक जास्त घालून पाहता येतो, आणि बदललेला आलेख कोणाच्या खात्यावर टाकायचा ते निदान मांडता येतं.

वरच्या थरांचंही तसंच. किम आणि चोई यांनी पिवळीवर आधी लोहाचं ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि त्यावर निकेलचं, असे दोन उत्प्रेरक थर दिले आणि ०.६ व्होल्टला २.७३ मिलिअ‍ॅम्पिअर मिळवले. आतला थर पिवळीशी जुळवून घेतो, सांध्यावर होल वाया जाऊ देत नाही. बाहेरचा पाण्याच्या बाजूने काम सोपं करतो. क्रम उलटा केला की फायदा घटतो. मला हे काम आवडतं ते आकड्यापेक्षा या उलटापालटीसाठी. थरांची अदलाबदल करून प्रश्न विचारता आला आणि उत्तर मिळालं. द्रावणात सोडियम सल्फाइट घालून तोच स्कॅन पुन्हा घेतला की पृष्ठभागावरचा तोटा जवळपास बाजूला पडतो आणि फिल्मच्या पोटातला तेवढा दिसतो, हीसुद्धा पिवळीच्या बाबतीत अगदी सरळ बेरीज-वजाबाकी. लालसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून तेच करता येतं, पण वर उत्प्रेरक चढवलेला असेल तर पेरॉक्साइड उजेडाविनाच फसफसायला लागतं आणि आलेख वाचायचा कसा हा नवा प्रश्न.

पिवळीचे नखरे लपवून ठेवत नाही. पहिला म्हणजे तिला ना आम्ल सोसतं, ना अल्कली. पीएच ७ ते ९ चा फॉस्फेट किंवा बोरेट बफर, एवढ्याच गल्लीत तिची ये-जा. गंमत म्हणजे तयार होताना ती १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास शांत बसलेली असते, पण ते अंधारात आणि व्होल्टेजशिवाय. आमच्याकडच्या एका ज्युनिअरने लालच्या सवयीने तिला त्याच द्रावणात दिव्याखाली लावलं. चहा पिऊन येईपर्यंत पट्टीवरचा गोल फिका पडला होता.

दुसरा नखरा अधिक त्रासाचा. बोरेटमध्येही उजेडाखाली व्हॅनेडियम हळूहळू द्रावणात उतरतं आणि करंट तासातासाने उतरत जातो. सकाळची पट्टी संध्याकाळी तीच नसते. यावर २०१८ मध्ये ली आणि चोई यांनी उपाय दाखवला: द्रावणातच आधी व्हॅनेडियम विरघळवून ठेवायचं, म्हणजे फिल्ममधून निघायला कारण उरत नाही. त्यांनी ५०० तास चालवून दाखवलं. मी त्याची साधी नक्कल केली तेव्हा दिवसभराची घसरण डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली, पण द्रावणाचा स्वतःचा रंग आणि पुढून टाकलेला उजेड यांचं गणित मग बघावं लागतं. तिसरी गोष्ट खास थरवाल्यांसाठी: टंगस्टन ऑक्साइडला अल्कली मुळीच चालत नाही. पीएच ९ च्या बफरमध्ये सालीला कुठे भोक राहिलं असेल तर खालची काडी विरघळायला लागते आणि दोन दिवसांनी फिल्म पापुद्र्यासारखी सुटून तरंगते. म्हणून मी शेवटी पीएच ७ ला राहिलो. करंट थोडा कमी, झोप बरी.

लाल कोणी घ्यावी? ज्याला एकच फिल्म, एकच डोपंट, आणि हजार तास टिकण्याचा प्रश्न घ्यायचा आहे, त्याने. जिथे झटपट भाजायची चांगली सोय आहे, तिथे. ज्याला पृष्ठभागावर होल नेमका कुठे अडकतो याचं भौतिकशास्त्र करायचं आहे, त्यालाही लाल फार चांगली. त्या प्रश्नावर इतकं काम झालं आहे की बोट धरायला माणसं मिळतात. आणि ज्याच्या खरेदी समितीला व्हॅनेडियम हा शब्द पाहूनच धसका बसतो, त्याला पर्यायच नाही.

पिवळीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आमच्या भागातल्या मुलांनी लक्षात घ्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पातळ फिल्मच्या प्रयोगशाळांनी स्प्रे पायरोलिसिस आणि केमिकल बाथ या पद्धती कित्येक पिढ्यांच्या हातात बसवल्या. त्यांच्या तालमीतली माणसं आज पश्चिम महाराष्ट्रातल्या किती महाविद्यालयांत शिकवतात ते पाहा. नोझल किती उंचीवर, फवारा किती वेळाने, हॉटप्लेट किती तापलेली, हे विचारायला शेजारची खोली पुरते. डेल्फ्ट आणि बर्लिनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये जी पिवळी केली ती याच स्प्रेने. टंगस्टनचं प्रमाण खालपासून वरपर्यंत पायरीपायरीने बदलत नेलं, म्हणजे फिल्मच्या आतच उतार तयार झाला आणि इलेक्ट्रॉन-होल आपोआप वेगळे व्हायला मदत झाली. वर कोबाल्ट फॉस्फेट, मागे अमॉर्फस सिलिकॉनचा दुहेरी सौर सेल, आणि ४.९ टक्के सौर ऊर्जा हायड्रोजनमध्ये. त्यासाठी निर्वात यंत्र लागलं ते फक्त सिलिकॉनला. तसा उतार लालमध्ये करून ८०० ला भाजला तर तो उतार राहील का? मला शंका आहे, पण मी करून पाहिलेलं नाही.

मागे सिलिकॉन लावायचा मुद्दा निघालाच आहे तर हेही. बाहेरून व्होल्टेज न देता पाणी फोडायचं असेल तर फिल्मने कमी व्होल्टेजला करंट सुरू करणं फार मोलाचं असतं. लालची कंडक्शन बँड, म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी, हायड्रोजन तयार होण्याच्या पातळीपेक्षा बरीच खाली बसते, म्हणून तिला मागून मोठा टेकू लागतो. पिवळीची त्या पातळीच्या अगदी जवळ. त्याच ६.७२ वाल्या जपानी गटाने मागे महागडा गॅलियम आर्सेनाइडचा जोड-सेल लावून ८.१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. लालला हे जमतच नाही असं नाही. २०१५ मध्ये ०.४५ व्होल्टला सुरू होणारी लाल करून, मागे सिलिकॉन लावून, बाहेरच्या व्होल्टेजशिवाय पाण्याचं विघटन करून दाखवलेलं आहे. पण त्यासाठी लालवर लाल पुन्हा पुन्हा वाढवून ८०० ला भाजावी लागली. आलं का पुन्हा ८००?

मौखिक परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो, तो लाल घेतली तरी येतो आणि पिवळी घेतली तरी. "छतावर सौर पॅनेल, खाली इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र), मग हे कशाला?" स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ मध्ये एकवटलेल्या उजेडाखालचा तिहेरी सौर सेल आणि दोन इलेक्ट्रोलायझर जोडून ३० टक्के काढले आहेत, हे परीक्षकालाही माहीत असतं. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे १९,७४४ कोटी रुपये प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात असतात, पण ते अभियान उभं आहे ते मुख्यतः इलेक्ट्रोलायझरवर. मी उत्तर दिलं होतं की एकाच पट्टीत उजेड घेणं आणि पाणी फोडणं बसवलं तर यंत्रणेतले तुकडे कमी होतात, आणि ते परवडेल की नाही हे थर नीट कळल्याशिवाय सांगता येणार नाही. परीक्षकांनी मान हलवली. पटलं म्हणून की जेवणाची वेळ झाली म्हणून, ते माहीत नाही.

तर ठरवण्याआधी एक करा, पैसे लागत नाहीत. कोरी एफटीओची पट्टी घ्या, काहीही न लावलेली. तुमच्या विभागातल्या फर्नेसमध्ये, तुमच्याच बोटीत, ८०० ला दहा मिनिटं ठेवा. थंड झाली की आरशाच्या तुकड्यावर ठेवून चारही कोपऱ्यांवर एकेक बोट दाबा. नंतर मल्टिमीटर लावा. पट्टी डुलली नाही आणि रोधही फारसा वाढला नाही तर माझी मुख्य तक्रार तुमच्यापुरती निकाली निघाली, लाल खुशाल घ्या. मग मला तुमच्या फर्नेसचा पत्ता मात्र कळवा. डुलली तर बिस्मथ नायट्रेट आणि व्हॅनेडियमची मागणी आजच नोंदवा. यायला वेळ लागतो, आणि बाटली पावसाळ्याच्या आत हातात पडलेली बरी.